आपला कचरा, आपला माणूस

आमच्या लेआऊटमध्ये घंटागाडी येते की नाही, हा श्रद्धेचा प्रश्न आहे. श्रद्धाळूंना ती पहाटे सव्वासहाला ऐकू येते. बाकीचे तेव्हा झोपलेले असतात आणि उठल्यावर म्हणतात, ‘आलीच नाही.’ ती येऊन गेल्याचा पुरावा एकच. समोरच्या गुरुजींचा डबा रिकामा असतो. पण गुरुजी पहाटे फिरायला जाताना स्वतःच तो कुठंतरी रिकामा करून येतात, असंही एक मत आहे.

गाडी कुणाची, हे मी सांगणार नाही. सांगता येणारही नाही. वर्धा शहराला चहूबाजूंनी मेघ्यांचा वेढा आहे. सावंगी मेघे, पिपरी मेघे, बोरगाव मेघे, सिंदी मेघे अशी गावं शहराला इतकी चिकटली आहेत की कुठं नगर परिषद संपते आणि कुठं ग्रामपंचायत सुरू होते, हे नकाशाला ठाऊक आणि तलाठ्याला. अशाच एका शिवेवर आमचा लेआऊट आहे. रस्त्याच्या अलीकडची घरं एका हद्दीत, पलीकडची दुसऱ्या. आमच्याकडची मांजर एका हद्दीत विते आणि पिल्लं तोंडात धरून दुसऱ्या हद्दीत नेऊन ठेवते. तिला कुणी ना-हरकत प्रमाणपत्र मागत नाही. कचऱ्याला मात्र हद्द असते. अलीकडची गाडी पलीकडचा डबा घेत नाही, आणि पलीकडची गाडी, म्हटलं ना, श्रद्धेचा प्रश्न.

या सगळ्यात माझा एक खाजगी स्वार्थ गुंतलेला होता, तो आधीच सांगून टाकतो. लेआऊटच्या टोकाला माझ्या साडूंचा एक रिकामा प्लॉट आहे. तीस बाय पन्नास, पूर्वाभिमुख. साडू राहतात नागपूरला. प्लॉटवर लक्ष ठेवायचं आणि बरं गिऱ्हाईक आलं तर विकून द्यायचा, ही जबाबदारी माझ्यावर. गिऱ्हाईकं यायची, प्लॉट बघायची, नालीच्या कडेला साचलेले ढीग बघायची, चहा पिऊन जायची. लेआऊट स्वच्छ व्हावा असं मला मनापासून वाटत होतं ते म्हणूनच.

आणि त्याच सुमारास माझ्या भाच्याचा अमेरिकेहून फोन आला. तो मिनेसोटा राज्यात सेंट पॉल नावाच्या शहरात असतो. त्यानं सांगितलं, तिथं कैक वर्षं घरटी आपापला कचरेवाला निवडायची पद्धत होती. कुणाला अमुक कंपनीचा ट्रक, कुणाला तमुक. 2018 च्या ऑक्टोबरपासून शहरानं ते सगळं एका सूत्रात बांधलं. कोणता भाग कुणाचा ते ठरवून टाकलं आणि डबाही ठरवून दिला. लोक भडकले. शेजाऱ्यांशी मिळून एक डबा वापरणारे म्हणाले, आम्ही दोघांचे पैसे का भरायचे? ज्यांच्या घरी कचराच होत नव्हता (असेही लोक असतात) ते म्हणाले, आम्ही कशाचे पैसे भरायचे? सह्या गोळा झाल्या, प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 2019 च्या नोव्हेंबरात त्या शहरात कचऱ्यावर चक्क मतदान झालं.

मी भारावून गेलो. आपला कचरा आणि आपला माणूस! त्याच रविवारी लेआऊटच्या मारुतीच्या देवळात सभा बोलावली. मतदानाचा निकाल काय लागला, हे भाच्यानं सांगितलं होतं. सभेत कुणी विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही.

सभेला चौदा माणसं आणि एक कुत्रं असा भरघोस प्रतिसाद होता. मी मुद्दा मांडला. आपण दूधवाला निवडतो, पेपरवाला निवडतो, केबलवाला बदलतो. मग कचरेवालाच तेवढा सरकारी का? गुरुजी उभे राहिले. ते निवृत्त हेडमास्तर आहेत आणि उभे राहिल्याशिवाय त्यांना बोलता येत नाही. म्हणाले, “हा बापूंचा जिल्हा आहे. आपला कचरा आपणच उचलावा.”

यावर देवळात जी शांतता पसरली, ती आरतीनंतरसुद्धा पसरत नाही.

गुरुजींचं म्हणणं खोटं नव्हतं. 1935 साली गांधीजी वर्धेला मगनवाडीत राहत होते. शेजारच्या सिंदी गावात त्यांचे सचिव महादेवभाई देसाई आणि इतर मंडळी रोज सकाळी बादल्या आणि झाडू घेऊन मैला साफ करायला जात. महादेवभाईंचा मुलगा नारायण तेव्हा लहान होता. त्यानं मोठेपणी त्या दिवसांविषयी लिहिलं आहे. गावकरी लाजून झाडू हातात घेतील अशी अपेक्षा होती. गावकरी काय करत? तिकडं पलीकडं जास्त घाण आहे, तिकडं जा, असं बोट दाखवत. नागरिकांच्या तक्रारींचा इतिहास आमच्या जिल्ह्यात तेव्हापासूनचा आहे.

आणि विनोबा. 1946 च्या सुमारास विनोबा खांद्यावर फावडं टाकून पवनारहून रोज पायी सुरगावला सफाईसाठी जात. एक दिवस वाटेतल्या पाण्याला पूर आला, पलीकडं जाता येईना. तर त्यांनी काठावर उभं राहून पलीकडच्या माणसाला हाक मारली आणि सांगितलं की देवळात जाऊन देवाला कळव, गावचा सफाईवाला येऊन गेला, पुरामुळं पोचू शकला नाही. रजेचा अर्ज असा असतो. आमच्याकडं पूर नसतानाही गाडी येत नाही आणि देवाला सोडा, व्हॉट्सॲप ग्रुपवरही कुणी कळवत नाही.

हे सगळं गुरुजींनी फार छान सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मग एकमतानं ठरलं की आपण कचरा उचलायचा नाही.

वकीलसाहेबांनी पुण्याचं उदाहरण काढलं. तिथं कचरा वेचणाऱ्यांचीच ‘स्वच्छ’ नावाची सहकारी संस्था आहे, 2008 पासून ती घरोघरचा कचरा नेते, लोक महिन्याचे पैसे तिच्या माणसाच्या हातात देतात, आणि तिच्या मागं 1993 साली उभी राहिलेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे. माहिती पक्की होती. पण वर्धेच्या सभेत पुण्याचं नाव काढू नये. “पुन्यावाल्यायचं आमाले नका सांगू साहेब,” मागून आवाज आला. “आमचं कापसाचं काय झालं ते सांगा पयले.” मग वीस मिनिटं विदर्भाच्या अनुशेषावर चर्चा झाली आणि कचरा मागं पडला.

शेवटी ठराव झाला, की ज्यानं त्यानं आपला माणूस निवडावा.

आता खरं सांगायचं तर माणूस निवडण्यात आम्ही आधीच पटाईत होतो. पेपरची रद्दी आम्ही एकाला देतो, कारण त्याचा काटा बरा आहे. लोखंड दुसऱ्याला. जुन्या साड्या भांडेवालीला, आणि तिच्याशी एका पातेल्यासाठी पाऊण तास घासाघीस. विंचरलेले केससुद्धा कुणीतरी घेऊन जातं. शिळी पोळी गायीला. तीही निवडक, कारण एका गायीला पोळा झाल्यापासून आमच्या घराचा लळा लागला आहे. ज्या वस्तूचे चार पैसे किंवा थोडं पुण्य मिळतं, तिला डझनभर खाजगी उमेदवार आहेत. सगळं वाटून झाल्यावर डब्याच्या तळाशी जे उरतं, आंब्याच्या कोयी, कूलरमधलं कुजलेलं गवत, डायपर, पाव किलो अनिश्चित पदार्थ, त्याला मात्र सरकारी गाडी. 2016 च्या घनकचरा नियमांनी घरच्या कचऱ्याचे तीन वर्ण केले होते. ओला, सुका आणि घातक. आमच्या घरी चौथा आहे. त्याचं नाव ‘अगं, हे कशात टाकू?’

तर माणसं निवडली गेली. गुरुजींनी सायकलरिक्षावाला धरला, कारण त्याला धूर नाही. वकीलसाहेबांनी ऑटोवाला धरला, त्याच्याकडून शंभराच्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं. डॉक्टरीण वहिनींनी कामवाल्या मावशींनाच महिना शंभर रुपये जास्त देऊन जाताजाता पिशवी न्यायला सांगितलं. विम्याचं काम करणाऱ्या आमच्या शेजाऱ्यानं तर छोटा हत्तीवाला पोरगा शोधला, जो कचरा नेल्यावर मोबाईलवर अंगठ्याचं चित्र पाठवायचा. शेजारी ते चित्र आम्हा सगळ्यांना पुढं पाठवायचा. पंधरा दिवसांत लेआऊटमध्ये सकाळी सहा ते दहा अशी वर्दळ सुरू झाली की नवख्या माणसाला बाजाराचा दिवस वाटावा.

आणि प्रतिष्ठा आली! “तुमचा किती घेतो?” “दीडशे.” “आमचा दोनशे घेतो,” हे सांगताना मान ताठ. कचरा तोच, पण दोनशेवाल्याचा तो जरा बरा वाटायचा.

एक गोष्ट कुणी मोठ्यानं बोललं नाही. आमच्या जिल्ह्यात अर्ध्या शतकापासून दारूबंदी आहे. म्हणजे इथं दारू नाही, म्हणून बाटल्याही नाहीत. या नसलेल्या बाटल्या सरकारी गाडीत टाकताना फार खुळखुळतात. सकाळी सव्वासहाला, गाडीमागं उभ्या असलेल्या पाच शेजाऱ्यांदेखत. खाजगी माणसाचा मोठा फायदा असा की तो मागच्या दारानं येतो आणि गोणपाट आणतो. त्याचे पन्नास रुपये वेगळे. मला हे कसं ठाऊक, असं विचारू नका. लेआऊटचा सचिव आहे मी.

माझी निवड मला तेव्हा सगळ्यात हुशारीची वाटली होती. आमच्याकडं एक भाजीवाला ठेला घेऊन येतो. दुपारी भाजी संपली की ठेला रिकामाच घरी जातो. मी म्हटलं, “रिकामा ठेला नेण्यापेक्षा आमची एक पिशवी घेऊन जात जा की. महिन्याचे साठ रुपये.”

तो म्हणाला, “नेतो ना भाऊ. मले काय, वज्जन थोडीच होते?”

साठ रुपये! वकीलसाहेबांना मी तीन वेळा सांगितलं.

बाराव्या दिवशी सकाळी सौ. भाजी घ्यायला गेली. मी ओट्यावर पेपर वाचत होतो. तिनं कोथिंबिरीची जुडी उचलली आणि जुडीच्या खाली हात तसाच थांबला. तिथं एक गॅसचा लायटर होता. पिवळा, दांडीला काळी चिकटपट्टी गुंडाळलेला. ती चिकटपट्टी मीच गुंडाळली होती, दिवाळीत. चार दिवसांपूर्वी तो मेला म्हणून मीच पिशवीत टाकला होता. सौ.नं लायटर दोन बोटांत धरून माझ्याकडं पाहिलं. मग भाजीवाल्याकडं. मग फुलकोबीकडं.

“भाऊ, ठेला धुता ना रोज?” मी ओट्यावरून विचारलं.

“काहून?” तो निरागसपणे म्हणाला. “पाऊस येऊनच राहिला ना आता.”

मागच्या बारा दिवसांत आम्ही काय काय खाल्लं, याची यादी सौ.नं तिथंच उभ्याउभ्या म्हणून दाखवली. दोडके, भेंडी, दोनदा पालक. पालक कच्चा, कोशिंबिरीत. त्या दिवशी घरात डाळ शिजली. त्यानंतर आठवडाभर डाळच शिजली.

मी गप्प राहिलो असतो, पण साडूंचा फोन आला. “एक गिऱ्हाईक येऊन गेलं म्हणे प्लॉटवर. ते काय म्हणत होतं, माहीत आहे?” मला माहीत नव्हतं. गेल्या महिनाभरात मी तिकडं फिरकलोच नव्हतो. संध्याकाळी गेलो.

पूर्वाभिमुख तीस बाय पन्नासमध्ये दक्षिणेकडून गुरुजींचा सायकलरिक्षावाला येत होता. उत्तरेकडून वकीलसाहेबांचा ऑटो, मागच्या पायवाटेनं मावशी. छोटा हत्तीवाला पोरगा बरोबर मध्यभागी गाडी उलटी लावून, रिकामी करून, मोबाईलवर अंगठा पाठवत होता. माझ्या भाजीवाल्याची पिशवी मी गाठीवरून ओळखली. पाच माणसं पाच वाटांनी, पाच वेगळ्या भावांत, एकाच जागी येत होती. मी छोट्या हत्तीवाल्याला हटकलं.

“इथं कायले टाकता बे?”

“मंग कुठी टाकू?” तो म्हणाला. “तुमी नेऊन टाक म्हनले. कुठी टाक ते कोनी सांगतलं?”

मी सभेचं इतिवृत्त आठवून पाहिलं. इतिवृत्त मीच लिहिलं होतं. कचरा कुणी न्यायचा यावर दोन तास चर्चा. कुठं न्यायचा यावर एक ओळ नव्हती. सरकारी गाडी निदान कचरा डेपोत तरी जाते. आपल्या माणसाला डेपोच्या फाटकात कोण घेतं? तो आपला जवळचा रिकामा प्लॉट बघतो. दीडशे रुपयांत आणखी किती लांब जाणार?

वकीलसाहेबांना दाखवलं, तर त्यांनी स्टॅम्पपेपर काढला. त्यात ‘कचरा घरातून उचलणे’ एवढंच होतं. “करार पूर्ण झालेला आहे,” ते म्हणाले. त्यांचा आवाज जरा खाली होता, पण तरी म्हणाले.

मग डुकरं आली. मग कुत्री आणि डुकरं यांचा हद्दीवरून वाद झाला, तो आमच्यापेक्षा लवकर मिटला. एका रात्री कुणीतरी ढिगाला काडी लावली आणि सकाळपर्यंत सगळा लेआऊट खोकत होता. मी साडूंचे फोन घेणं बंद केलं. दोन्ही हद्दींच्या कार्यालयांत अर्ज दिले. दोन्हीकडून उत्तर आलं की सदर भूखंड खाजगी मालकीचा असून स्वच्छतेची जबाबदारी मालकाची आहे. हे बरोबरच होतं. खाजगी तर खाजगी.

भाच्याला फोन करून रडगाणं गायलं. तो म्हणाला, “मामा, मी तुला निकाल सांगितला होता ना?” सांगितला होता. आता लपवून उपयोग नाही. सेंट पॉलच्या लोकांनी मतदान केलं ते शहराच्या बाजूनं. एकाच गल्लीतून आठवडाभर पाच-सहा कंपन्यांचे ट्रक धडधडत जातात, याचा तिथं पुष्कळांना वैताग आला होता. हेही त्यानं तेव्हाच सांगितलं होतं. मी तेवढं ऐकलं नव्हतं.

पावसाळा लागला. जुलैच्या मध्यात प्लॉटवर जे काही झालं, त्याची कल्पना मला नव्हती. राखेतून आणि सालींतून हिरवं उठलं. आधी टमाटे. मग चार पपया, एक कारल्याचा वेल, आणि या सगळ्यांवरून पसरत गेलेला कोहळ्याचा दांडगा वेल. श्रावण संपता संपता त्याला कोहळी लागली. मोजून अकरा. एकेक सात-आठ किलोचं. बारा वर्षांनी उकिरड्याचे पांग फिटतात म्हणतात. आमच्या उकिरड्याचे तीन महिन्यांत फिटले.

आणि मालक उगवले. तीन महिने या ढिगातली एक साल कुणी आपली म्हणून कबूल केली नव्हती. आता गुरुजी म्हणाले, “हे बी आमच्या घरचं. आमच्याकडं वडिलांच्या तिथीला कोहळं आणलं होतं, त्याचंच.” डॉक्टरीण वहिनी म्हणाल्या, त्यांच्या मावशींनी ज्या कोपऱ्यात पिशवी टाकली, मूळ तिथूनच निघतं, जाऊन बघा. वकीलसाहेब म्हणाले, जमिनीला जे चिकटलं ते जमीनमालकाचं, पण वेल हद्द ओलांडून नालीवर गेला असल्यामुळं मुद्दा गुंतागुंतीचा आहे. छोटा हत्तीवाला पोरगा काहीच म्हणाला नाही. एका सकाळी दोन कोहळी कमी होती आणि शेजाऱ्याच्या मोबाईलवर अंगठा आला होता.

पुन्हा सभा झाली. यावेळी चाळीस माणसं होती. कोहळ्यांच्या वाटपावर पावणेदोन तास गेले आणि शेवटी अकरामधली उरलेली नऊ देवळाला द्यायचं ठरलं. गणपतीच्या महाप्रसादात त्यांची भाजी झाली. मी दोनदा घेतली. सौ.नं स्वतःच्या पानात वाढू दिली नाही.

जाताजाता कुणीतरी आठवण केली म्हणून दोन मिनिटांत कचऱ्याचाही ठराव झाला. दोन्ही कार्यालयांना विनंती, की घंटागाडी द्यावी, आणि येणार नसेल त्या दिवशी कळवावं. विनंतीवर चाळीस सह्या आहेत. गाडी आता येते. रोज नाही, पण येते, आणि सव्वासहाऐवजी सातला येते. ती एक हिंदी गाणं इतक्या मोठ्यानं वाजवते की नास्तिकांनाही जाग येते. बाटल्यांची तेवढी पंचाईत आहे. त्यासाठी गोणपाटवाला अजून मागच्या दारानं येतो, असं ऐकतो.

ता. क. तीस बाय पन्नासचा पूर्वाभिमुख प्लॉट विकणे आहे. कागद क्लिअर. डुकरं गेली. माती अतिशय सुपीक. इच्छुकांनी साडूंना परस्पर फोन न करता आधी मला भेटावं.